गाडी आत जाते का?

४ मार्च, मंगळवार

आज एका हॉटेलवाल्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच वाटायला नको की मी तिखटमीठ लावलं.

मी : तुमच्याकडे पायऱ्या आहेत का?

तो : नाही मॅडम, अजिबात नाहीत.

मी : दारातसुद्धा नाहीत?

तो : दारात तीनच आहेत.

मी : म्हणजे आहेत.

तो : त्या पायऱ्या नाहीत हो मॅडम. त्या नुसत्या आत यायला आहेत.

फोन ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली, असं लिहिणार होते. पण माझ्या तळपायांना काही कळत नाही, तेव्हा हे शब्द मी वापरणं अप्रामाणिक होईल. मस्तकात मात्र गेली. कुठून निघाली ते तिचं तिला ठाऊक.

मुद्द्याचं आधी लिहायला हवं होतं. मला नोकरी मिळाली आहे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, एक एप्रिलला हजर व्हायचं. ते शहर इतकं लांब आहे की कार घेऊन निघालं तर वाटेत तीन मुक्काम करावे लागतात. रेल्वेने एका रात्रीत पोचता येतं, पण रेल्वेत मला उचलून चढवावं लागतं आणि उचलून उतरवावं लागतं. शिवाय तिथे कार नसेल तर रोज कामावर कशी जाणार? म्हणून कार घेऊन जायचं. एकटीने. आणि घरच्या दारापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत मला कोणी एकदाही उचलायचं नाही. बाकी काही कमीजास्त झालं तर चालेल, हे एवढं नाही चालणार.

घरी अजून शेवटचं वाक्य सांगितलेलं नाही.

९ मार्च, रविवार

पहिल्या मुक्कामाचं जमलं. पेट्रोल पंपाच्या मागे एक बाई खोल्या भाड्याने देतात. मी बाथरूमच्या दाराची रुंदी विचारली तर "थांब हं, मोजून येते" म्हणाल्या आणि खरंच टेप घेऊन गेल्या. मी फोन कानाला धरून बसले होते आणि डोळ्यांत पाणी आलं. हे काही बरं लक्षण नाही. कोणी दार मोजलं म्हणून रडू यायला लागलं तर माणसाचं अवघड आहे.

तिसऱ्या मुक्कामाच्या मॅनेजरनेही मोजलं. "चार विती भरतं, मॅडम."

"कुणाच्या विती?"

"माझ्या."

"तुमची वीत केवढी आहे?"

"आता ती कशाने मोजू?"

शेवटी त्याने वर्तमानपत्र आडवं धरून मोजलं. दार पुरेल. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. "चालू असते ना?" म्हटलं. "असते की, एरवी," म्हणाला. हा 'एरवी' माझ्या डोक्यातून जात नाही. तरी ठरवून टाकलं, कारण त्या गावात दुसरं काहीच नाही.

दादा इस्त्रीच्या टेबलावर बसून हे सगळं ऐकत होता. "अगं इंचपट्टी, तू तिथे झोपायला जातेयस की दार बसवायला?"

मी म्हटलं, "तुला कधी दारात अडकून बसावं लागलंय?"

"मला दारात उभंच करतात. कपडे द्या आणि जा." दादा आणि बाबा हॉटेलांच्या चादरी धुऊन इस्त्री करून पोचवतात. ज्या हॉटेलांच्या चादरी आमच्या घरात येतात, त्यांतल्या एकातही मला आत जाता येत नाही. हे मला आज पहिल्यांदाच सुचलं आणि मग रात्रीचं जेवण गेलं नाही.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण प्रयोगशाळेत गेल्यावर मला ती विसरावी लागेल. आमच्या घरी व्हीलचेअरला व्हीलचेअर कोणी म्हणत नाही. मी सात वर्षांची असताना पहिली खुर्ची आली, तेव्हा बाबांनी लाँड्रीच्या दारात उभं राहून अख्ख्या गल्लीला सांगितलं, "माझ्या लेकीची गाडी आली!" तेव्हापासून ती गाडी. पुढे खरोखरची कार आली, तर ती 'मोठी गाडी' झाली. या नोकरीच्या मुलाखतीत मी "माझी गाडी टेबलाखाली जाते" असं म्हणून गेले. मुलाखत घेणारे तिघेही माझ्याकडे बघत राहिले.

१२ मार्च, बुधवार

दुसऱ्या मुक्कामाचं काही केल्या जमत नाही. त्या टप्प्यात रस्ता नुसताच लांबलचक आहे आणि हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आजचा म्हणाला, "ताई, आमच्याकडे चार पोरं आहेत. अलगद वर नेतील. फुलासारखं."

फूल! फूल नेताना कोणी "जरा तुझ्या बाजूने धर, घसरतंय" असं ओरडतं का?

'सोय आहे का' असं विचारलं की हे लोक 'सोय करू की' म्हणतात. 'सोय आहे' आणि 'सोय करू' यांत चार माणसांचं अंतर आहे, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं. मी सांगितलं. त्याला वाटलं मी चार माणसं कमी पडतील म्हणतेय. "सहा लावू," म्हणाला.

कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. चार वर्गमित्र रोज उचलायचे. चांगली मुलं होती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. कधी कुणाचा हात कुठे लागला की तो बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा आणि मी भिंतीवरचा रंग बघायचे. मग निरोप समारंभात प्राचार्यांनी त्या चौघांना व्यासपीठावर बोलावून सेवाभावाचं खास बक्षीस दिलं. केवढ्या टाळ्या! रसायनशास्त्रात पहिली मी आले होते. माझं पदक खाली आणून दिलं, कारण व्यासपीठाला पायऱ्या होत्या.

आमच्या घरात पदक म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. बाबांना अक्षर वाचता येत नाही, आईला सही येते तेवढीच. घरी आल्यावर आईने ते हातात घेऊन विचारलं, "हे त्या पोरांनाही दिलं का?" मी म्हटलं, त्यांना मोठं दिलं.

१५ मार्च, शनिवार

आज एक सापडलं. तळमजला, सगळं सपाट, पायरी नाही, उंबरा नाही. मी जवळजवळ हो म्हणणार, तेवढ्यात—

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग अवघड आहे हो. एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही."

"का?"

"तुमच्याच काळजीपोटी."

"एकट्या पुरुषाला देता?"

"त्याची कसली काळजी करायची?"

म्हणजे जिथे पायऱ्या आहेत तिथे मी एकटी चालते आणि जिथे पायऱ्या नाहीत तिथे मी एकटी चालत नाही. या सगळ्यांनी एकदा एकत्र बसून माझं काय चुकतंय ते ठरवावं आणि मला कळवावं.

दादा म्हणतो, "मी येतो की. मी चालवतो, तू मागे बसून फोनवर भांड." त्याच्या मनात वाईट नाही. पण दादा आला की प्रत्येक दारात पहिल्यांदा तो वाकणार आणि म्हणणार, चल, कशाला वाद, दोन मिनिटांचं काम. मी घरी ते शेवटचं वाक्य सांगून टाकलं. मला कोणी उचलायचं नाही. त्यात दादाही आला.

दादा म्हणाला, "मी पण परका झालो का?" आणि इस्त्रीत कोळसे भरतो म्हणून निघून गेला. कोळशाची इस्त्री बंद करून आम्हाला किती वर्षं झाली.

१७ मार्च, सोमवार

आणखी एक जागा मिळाली होती. तळमजला. एकटी आहे म्हटल्यावर नुसतं "बरं" म्हणाला. टॉयलेटला कमोड आहे, शेजारी धरायला दांडी आहे. मी विचारलं, बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर? "बाहेर," म्हणाला. आत उघडलं तर खुर्ची फिरवता येत नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा "बाहेर" म्हणाला, पण या वेळी जरासं थांबून. त्या थांबण्याचा मला भरवसा वाटेना. मी कळवते म्हटलं.

आई चादरींच्या घड्या घालत होती. "थांबून बोलला म्हणून नको?"

"थांबला म्हणजे त्याला नक्की माहीत नाही."

"की तोंडात घास असेल."

"आई, हे सगळं नीट बघायलाच हवं."

आई चादरीचं टोक दातांत धरून म्हणाली, "जागा वाईट आहेत, की तुझा पाय निघत नाही?"

पाय निघत नाही! हे मला! बोलून गेल्यावर तिचं तिलाच हसू आलं, आणि मला जास्तच राग आला. मी तिला समजावून सांगितलं की भीती निराळी आणि काळजीपूर्वक केलेली चौकशी निराळी. पाण्याचा नमुना घेताना बाटली आधी धुतली तर त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. आई म्हणाली, "बाटली किती वेळा धुवायची, तेही शिकवत असतील ना?"

हे अत्यंत अन्यायाचं आहे. मला भीती वाटत नाही. हे मी इथे लिहून ठेवते, खाली सहीसुद्धा करायला तयार आहे.

संध्याकाळी त्या माणसाला पुन्हा फोन केला. खोली गेली.

१९ मार्च, बुधवार

बाबांनी कमाल केली!

दुपारी लाँड्रीतून घाईघाईने आले. चादरी आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडून त्यांनी दुसऱ्या मुक्कामाच्या गावातल्या एका लॉजचा नंबर मिळवला आणि मला न विचारता थेट बोलले. मी चिडणार होते, पण त्यांनी सांगितलेलं ऐकून राग विसरले. बाबांच्याच शब्दांत लिहिते.

"मी म्हटलं, साहेब, माझी मुलगी येणार आहे. तिची गाडी आत जाते का? तो म्हणाला, जाते. मी म्हटलं, अगदी आत? नाहीतर दारात ठेवायला सांगाल. तो म्हणाला, काका, दारात कशाला, थेट आत, वर छप्पर आहे. छोटी आहे का मोठी? मी म्हटलं, छोटी. तो हसला. म्हणाला, मग प्रश्नच नाही, आमच्याकडे मोठ्या मोठ्या जातात."

मोठ्या म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या असणार. मी फक्त चित्रात पाहिल्या आहेत.

मी विचारलं, दार केवढं? बाबा म्हणाले, "दोन एकदम जातील एवढं." दोन खुर्च्या शेजारी शेजारी जातील असं दार मी जन्मात पाहिलेलं नाही. आणि पायऱ्या? "मी विचारलं, वाटेत पायरीबियरी लागत नाही ना? तो म्हणाला, काका, पायरी असेल तर गाडी जाईल कशी? बघ, किती समजूतदार माणूस." खरंच, एवढी साधी गोष्ट आजवर कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाली नव्हती. रात्री राखणीला माणूस असतो. आणि सकाळी निघण्याआधी गाडी धुऊन पुसून देतात! चाकांची घाण खोलीभर होऊ नये म्हणून असेल, पण तरीही. मी एवढे दिवस जगाला शिव्या देत बसले आणि जगात असाही एक लॉज होता.

एकटी असण्याबद्दलही विचारलं का, म्हटलं. बाबा म्हणाले, "तो म्हणाला, गाडी असली की माणसाचं आम्ही विचारत नाही."

हे वाक्य कुठे तरी कोरून लावावं असं आहे.

२३ मार्च, रविवार

त्या लॉजला एकदा आपण फोन करून खात्री करावी असं दोन दिवस वाटतंय. आज नंबर लावलाही. बाबा पाठीमागे उभे होते ते कळलं नाही.

"मी बोललोय ना?"

"हो बाबा, तरी सहज."

"तुझ्याएवढं नाही कळत मला. पण गाडी आत जाते का एवढं विचारता येतं." आणि शर्टाची कॉलर दाबून दाबून इस्त्री करत राहिले. तो शर्ट आधीच झालेला होता.

मी फोन ठेवला. बाबांनी आयुष्यात माझ्यासाठी स्वतः चौकशी करून केलेलं हे एकच काम. त्यावर मी पुन्हा लाल शाई फिरवू का? पण न तपासता विश्वास ठेवणं हाही चुकारपणाच. दोन्हीकडून माझंच चुकतं.

२६ मार्च, बुधवार

उद्या निघायचं. खुर्चीची चाकं काढून शेजारच्या सीटवर, सांगाडा मागे, हे मी आज अंगणात करून दाखवलं. गल्ली जमली होती. एका आजींनी विचारलं, "ब्रेक कुठाय?" मी हातानेच दाखवलं, दांडा ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. "मग पायांचं काम काय?" मी म्हटलं, "त्यांना सुट्टी." आजी म्हणाल्या, "बरंय बाई."

दादा अजून बोलत नाही. पण टायरमधली हवा त्यानेच तपासली आणि मग मुद्दाम मोठ्याने आईला म्हणाला, "तिला सांग, मागचं डावं चाक जरा बघत जा म्हणावं."

झोप येणार नाही असं दिसतं. प्रवासाच्या आधी सगळ्यांनाच येत नाही.

२७ मार्च, गुरुवार

पोचले! पेट्रोल पंपामागच्या बाई टेप हातात घेऊनच दारात उभ्या होत्या, जणू मला पावती दाखवायची होती. दार सांगितलं तेवढंच भरलं. मोकळ्या रस्त्यावर मी मोठ्याने ओरडून बघितलं. काय ओरडले ते लिहीत नाही.

दर थोड्या वेळाने त्या दार ठोठावतात. "काही लागलं तर सांग हं." चौथ्यांदा मी जरा तुसडेपणाने "नाही" म्हटलं आणि मग माफी मागायला त्यांच्या दारात गेले. तिथे पायरी होती.

२८ मार्च, शुक्रवार, दुपार

झाडाखाली थांबून लिहिते आहे. हात भरून आलेत. संध्याकाळी बाबांचा लॉज. आज पहिल्यांदाच असं होतंय की पुढच्या दाराची धास्ती नाही.

२९ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर रागाच्या भरात काही सुटेल.

काल ऊन उतरता उतरता पोचले. फाटक रुंद, उतार छान गुळगुळीत. इमारत खांबांवर उभी, खाली सगळी मोकळी जागा. माणसाने हात दाखवून कार थेट आत घेतली. "या, या, अजून आत!" पाण्याची नळी घेऊन दुसरा माणूस उभाच होता. मी खुर्ची जोडली, सीटवरून तिच्यात बसले आणि मॅनेजरला विचारलं, "खोली कुठे?"

त्याने वर बोट केलं.

"लिफ्ट?"

"लिफ्ट नाही."

"पण माझ्या वडिलांनी विचारलं होतं. गाडी आत जाते का म्हणून."

त्याने माझ्या कारकडे बघितलं. मी माझ्या खुर्चीकडे बघितलं. नळीवाल्याने पाणी सोडलं आणि कारच्या चाकांवरून धूळ वाहायला लागली. तेव्हा मला एकेक वाक्य उलगडत गेलं. छोटी, मोठी, दोन एकदम, वर छप्पर, राखण, धुऊन पुसून. माणसाचं आम्ही विचारत नाही! मला हसू यायला हवं होतं. दादा असता तर जमिनीवर लोळला असता. मला हसू आलं नाही.

मॅनेजर वाईट नव्हता. तो कासावीस झाला. "मॅडम, माझी चूक. पण काळजी नको." आणि टाळी वाजवली. बघता बघता चार माणसं जमली. एकाने तर बाह्यासुद्धा वर सारल्या होत्या.

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"मला माहीत आहे किती मिनिटांचं असतं ते. माझं निम्मं शिक्षण त्या मिनिटांत झालंय. हात लावायचा नाही."

"मग काय खाली राहणार?"

"राहीन."

"अहो, वर चांगली खोली आहे. टीव्ही आहे. व्ह्यू आहे."

माझा आवाज फुटला. नको तेव्हा फुटतो. मी म्हटलं, "तुमचा व्ह्यू तुमच्यापाशी ठेवा. मला टॉयलेट कुठे आहे ते सांगा." बाह्या सारलेल्याने त्या पुन्हा खाली केल्या. त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"खाली आहे," मॅनेजर म्हणाला, "पण ते ड्रायव्हर लोकांचं."

मी चाकं फिरवली. खांबांच्या पलीकडे, कारच्या रांगेच्या टोकाला, पत्र्याचं रुंद दार. आत सपाट फरशी. कमोड. शेजारी भिंतीत ठोकलेला जाडजूड पाइप, धरायला. सगळं मला हवं तसं, कोणी न विचारता. आणि त्याला लागून एक खोली. पूर्वीचं गॅरेज असणार, कारण दाराऐवजी शटर होतं आणि शटरमध्ये एक छोटं दार. छोटं म्हणजे माझ्या खुर्चीला भरपूर. आत खाटा मांडलेल्या.

"ही खोली कोणाची?"

"ड्रायव्हर लोकांची. तुम्हाला नाही चालणार, मॅडम."

"का?"

"तुम्ही गेस्ट आहात."

"ही कार इथवर कोणी चालवत आणली?"

"तसं नाही..."

"कसं ते सांगा. कोणी आणली?"

तेवढ्यात भिंतीकडच्या खाटेवरची चादर हलली आणि पांढऱ्या मिशांचा एक माणूस उठून बसला. त्रासलेला. बाहेर उभ्या असलेल्या पर्यटकांच्या बसचा तो ड्रायव्हर.

"काय बाजार मांडलाय? झोपू द्याल का?"

मॅनेजर म्हणाला, "या मॅडमना इथे राहायचंय."

"इथे? वरच्या खोल्या भरल्या का?" मग माझ्याकडे बघून, "ती पांढरी कार तू आणलीस? कुठून?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मधला घाट?"

"काल उतरले."

"खालच्या वळणाला ब्रेक दाबत बसलीस की गिअरवर सोडलीस?"

"माझी ऑटोमॅटिक आहे. दाबत बसले."

"वास आला असेल."

"आला."

"येणारच." तो मॅनेजरकडे वळला. "ड्रायव्हर आहे की. वाद कसला घालतोस?" आणि लगेच मला, "पण भिंतीकडची खाट माझी. ती मिळायची नाही."

मला इतका राग आला होता की मी त्या खाटेवरही हक्क सांगणार होते. पण नियम नियमच, तो आधी आला होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला एका तरुण मुलीबरोबर एका खोलीत झोपावं लागेल. तो बराच वेळ मिशी चोळत राहिला. शेवटी उशी काखेत मारून उठला. "बसमध्ये झोपतो. मी घोरतो. बायको माहेरी जायची त्यापायी."

मी म्हटलं, "माझ्यामुळे तुम्हाला उठावं लागतंय. हे बरोबर नाही."

"तुझ्यामुळे कशाला? ह्यांच्यामुळे. खाली आणखी एक खोली बांधा म्हणून किती वर्षं घसा फोडतोय. म्हणतात, ड्रायव्हरला काय, कुठेही झोपतो." आणि मॅनेजरच्या अंगावर, "आता ही पण ड्रायव्हर आहे. तिला सांग कुठेही झोप म्हणून. सांग की!"

मॅनेजरने स्वच्छ चादर आणून दिली. तिची घडी चुकीची होती, बाबांना चालली नसती.

सकाळी बाबांचा फोन. मी खोटं बोलणार होते. रात्रभर वाक्यही तयार केलं होतं. पण तोंडातून खरंच निघालं. "बाबा, त्यांना मोठी गाडी वाटली."

मागे इस्त्रीची वाफ ऐकू येत होती.

"उचललं तुला?"

"नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मग झोपलीस कुठे?"

"ड्रायव्हर लोकांच्या खोलीत."

"दाराला कडी होती?"

"होती."

"आतून?"

"आतून, बाबा."

"बरं," म्हणाले. आणि मग हळूच, "मी खुर्ची म्हणायला हवं होतं का गं?"

मी म्हटलं, आपल्या घरी ती गाडीच आहे. त्यांना त्या गोष्टीचं इतकं वाईट का वाटावं, कोण जाणे. मला तर ते मुळीच वाटलेलं नाही. मला राग आलाय तो निराळाच. सगळ्या त्या फोनांच्या पलीकडे, प्रत्येक जिन्याच्या मागे, अशी एखादी सपाट खोली असणार. आणि माझं काय करायचं या काळजीत चूर झालेल्या एकाही माणसाला ती आठवली नाही.

निघण्याआधी तिसऱ्या मुक्कामाला फोन केला, त्या एरवीवाल्या मॅनेजरला. लिफ्ट बंद आहे.

"पण मॅडम, तुम्ही या तर खऱ्या. सोय करू."

"सोय नको. तुमच्याकडे ड्रायव्हर लोकांची खोली आहे का?"

"आहे. खाली, मागच्या बाजूला."

"पायऱ्या?"

"तिथे कशाला असतील पायऱ्या?" मग त्याला बरं वाटल्यासारखं झालं. "म्हणजे ड्रायव्हर घेतलात बरोबर? छान केलंत. एकटीने कशाला उगाच. थांबा, लिहून घेतो. ड्रायव्हरचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"ते तुमचं झालं, मॅडम. ड्रायव्हरचं?"

"तेच लिहा," मी म्हटलं. "आणि त्या खोलीची कडी आतून लागते का, ते आधी बघून या. मी फोन धरते."